चंद्रानंतरचा ‘त्’

माझ्या थोरल्या बहिणीकडे चिनी भाषा शिकलेला कोणताही विद्यार्थी एक ठरावीक कविता म्हणताना दुसरी ओळ संपली की जीभ टाळूला लावून ‘त्’ असा बारीक आवाज काढतो, श्वासभर थांबतो आणि मग तिसरी ओळ म्हणतो. दुसऱ्या कोणत्याही कवितेत तो असे करत नाही. खुद्द चीनमध्ये ती कविता म्हणताना असे कोणीही करत नाही.

कविता जुनी आहे, चार ओळींची आहे आणि मराठीत तिचा अर्थ साधारण असा होतो:

पाहुणा गेला, दार लोटायचे राहिले;
उंबरठ्यापाशी येऊन थांबला चंद्र.
तेल संपत आले आहे, दिवा मालवतो;
आता घरात पुन्हा आम्ही दोघे.

भाषांतर ताईचे आहे. मूळ चिनीत दुसरी ओळ ‘चंद्र’ याच शब्दावर संपते, हे पुढच्या हकिकतीसाठी लक्षात ठेवावे लागेल. मला स्वतःला चिनी येत नाही. मी वनस्पतींच्या आनुवंशिकतेचा अभ्यास करतो. माझे बहुतेक आयुष्य जवसाच्या रोपांमध्ये गेले. एका पिढीचा गुण दुसरीत कसा उतरतो, हे पाहण्याची सवय लागली की माणसांकडेही त्याच नजरेने पाहिले जाते. घरच्यांना ते आवडत नाही.

ताई चिनी शिकायला निघाली तेव्हा आमच्या घरात ‘चिनी’ हा शब्द फक्त मातीला लागत असे. आईने विचारले, “चिनी शिकून काय बरण्या विकणार आहेस?” एवढ्यावर निभावले असते, पण मामा तिथेच बसला होता. त्या दिवसापासून त्याने ताईला ‘बरणी’ म्हणायला सुरुवात केली. “काय बरणी, आज झाकण उघडलं का? चार शब्द तरी बाहेर काढ,” असे तो येता-जाता म्हणे. ताईने चार शब्द काढले की मामा कान झाकून घेई. पुढे तिला डॉक्टरेट मिळाली तेव्हा त्याने आपल्या पेढीवरच्या साऱ्यांना सांगितले, “आमची बरणी आता डॉक्टर झाली.” त्यात अभिमान होता, पण नाव काही सुटले नाही.

तिला चिनी शिकवले ते मास्तरांनी. तारुण्यात ते एका जहाज कंपनीत दुभाषे होते आणि म्हातारपणी एका शाळेच्या रिकाम्या खोलीत संध्याकाळचा वर्ग चालवीत. वर्गात पाठ्यपुस्तकाची प्रत एकच आणि ती मास्तरांच्या हातात. ते वाचीत, विद्यार्थी त्यांच्यामागून म्हणत आणि पाठ होईपर्यंत म्हणत राहत. “आधी कानात, मग हातात, डोक्यात सगळ्यात शेवटी,” हे त्यांचे शिक्षणशास्त्र. अर्थ ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी सांगत, तोवर अर्ध्या विद्यार्थ्यांचा धीर सुटलेला असे. ताईचा सुटला नाही. मास्तर वारले, त्यांचे बिऱ्हाड मोडले आणि पुस्तक कुठे गेले ते कोणालाच कळले नाही.

पुढे ताईला शिष्यवृत्ती मिळाली. ती चीनमध्ये राहिली तेव्हा घरमालकीण तिला म्हणाली, “तुम्ही अगदी माझ्या आजोबांसारखं बोलता, तेही ते रागावले असताना.” परत आल्यावर काही वर्षे तिने तासांवर शिकवले, मग तिला संस्थेत कायम जागा मिळाली. निरोपाच्या कवितांमध्ये दार आणि उंबरठा कसा येतो, यावर तिने प्रबंध लिहिला. दोन कवितासंग्रह मराठीत आणले. छापील काम याहून फारसे नाही, कारण तिचा उरलेला वेळ विद्यार्थ्यांच्या वह्यांत गेला. एखाद्याने अक्षरातली एक रेघ चुकीच्या क्रमाने काढली तर ती शेजारी बसून त्याच्याकडून तेच अक्षर पुन्हा पुन्हा काढून घेई. अशा कामाची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही.

निवृत्तीला वर्ष उरले असताना संस्थेने ठरवले की चिनी विभाग स्वतंत्र ठेवायचा की ‘इतर भाषा’ या खात्यात विलीन करायचा, याचा निर्णय बाहेरची समिती घेईल. विलीन झाला तर ताईची जागा तिच्याबरोबरच संपणार होती. मग कोणीतरी तासांवर शिकवायला येईल आणि मास्तरांच्या खोलीतून सुरू झालेली गोष्ट तिथेच थांबेल, हे तिला दिसत होते. रागावणे तिला जमत नाही. ती मुकाट्याने कपाटे आवरू लागली. आमच्याकडे हे चिंतेचे लक्षण मानले जाते.

विभागात दुसरे एकच सहकारी होते, वयाने तरुण आणि हंगामी. त्यांचा विषय प्राचीन चिनी उच्चार. ते ताईचे विद्यार्थी नव्हते, म्हणूनच तो ‘त्’ त्यांना रुजू झाल्यावर लगेच ऐकू आला. बाकीच्यांच्या कानांना तो नदीकाठी राहणाऱ्याला पाण्याचा आवाज यावा तसा येत होता, म्हणजे येतच नव्हता. त्यांनी सिद्धांत मांडला तो असा: प्राचीन चिनीत पुष्कळ शब्दांच्या शेवटी क्, त्, प् अशी व्यंजने होती. उत्तरेच्या आजच्या बोलीतून ती गेली, दक्षिणेच्या काही बोलींत राहिली. ‘चंद्र’ या शब्दाच्या शेवटी पूर्वी ‘त्’ होता. मास्तर जहाजांवर दक्षिणेच्या खलाशांत वावरले. त्यांच्याकडून हा जुना ‘त्’ त्यांच्या तोंडी बसला आणि तिथून ताईच्या वर्गात उतरला. म्हणजे आपल्या विभागात एक प्राचीन व्यंजन जिवंत आहे!

त्यावर त्यांनी लिहिलेला लेख एका नियतकालिकाने स्वीकारला. संस्थेच्या संचालकांना आकाश ठेंगणे झाले. समितीसाठी तयार केलेल्या अहवालाच्या मुखपृष्ठावर त्यांनी ‘प्राचीन उच्चारपरंपरेचे केंद्र’ असे छापून घेतले. विभाग वाचवायला याहून चांगला आधार नव्हता.

ही बातमी ताईने मला तिच्या घरी जेवणाच्या टेबलावर सांगितली. दाजी शेजारी बसले होते. दाजी आयुष्यभर चष्म्यांच्या काचा घासत आले. चिनीचे एक अक्षर त्यांना येत नाही.

“म्हणजे तू विभागात व्यंजन जपून ठेवलंस तर,” दाजी म्हणाले. “घरात मात्र एक धड होत नाही.”

“तुम्ही गप्प बसा,” ताई म्हणाली आणि माझ्याकडे वळली. “तू का गप्प?”

“एक शंका आहे.”

“तुला कधी नसते?”

“‘चंद्र’ या शब्दापुढे जुना ‘त्’ उरला असं तुमचं म्हणणं. बरं. मग इतर चंद्रांचं काय?”

ताईचा हात थांबला. चिनी कवितेत चंद्र म्हणजे स्वयंपाकघरातले चमचे. शोधावे लागत नाहीत. तिने एक कविता म्हटली, मग दुसरी, मग आणखी एक. प्रत्येकीत चंद्र होता. एकाही चंद्रापुढे ‘त्’ नव्हता. मग तिने पाहुण्याची कविता म्हटली. तिचाच ‘त्’ तिला ऐकू आला आणि ती माझ्याकडे चोरी पकडल्यासारखी पाहू लागली.

“मलाही येते ती,” दाजी म्हणाले.

“तुम्हाला?”

“तीस वर्षं ऐकतोय. भिंतीलासुद्धा आली असती.” आणि दाजींनी अर्थाचा गंध नसताना ती चार ओळींची कविता म्हणून दाखवली. उच्चारांची चाळण झाली होती. पण दुसऱ्या ओळीनंतर ‘त्’ आला, श्वासभर थांबणे आले.

“झालं,” मी म्हणालो. “यांच्या तोंडी तरी प्राचीन व्यंजन असायचं कारण नाही. हा भाषेचा भाग नाही ताई, सवयीचा आहे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, त्याचा तुमच्या सहकाऱ्यांनी सिद्धांत केला.”

“मग तो आला कुठून?”

“ते मला माहीत नाही.”

“एवढं मोडलंस आणि जागी ठेवायला काही नाही?”

“मोडणं हा शास्त्राचा सोपा भाग असतो,” मी म्हणालो. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने सहकाऱ्यांना तिच्या खोलीत बोलावले. मी काही कागद द्यायला गेलो होतो म्हणून तिथे होतो. खोली अरुंद, खिडकीखाली शाई उगाळायच्या दगडांची रांग, भिंतीवर विद्यार्थ्यांनी ब्रशने काढलेली अक्षरे, काही सरळ, काही दारू प्यायल्यासारखी. ताईने त्यांना इतर चंद्र म्हणून दाखवले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले. त्यांचा चेहरा उतरला, पण त्यांनी वाद घातला नाही; ही गोष्ट मी तेव्हाच त्यांच्या खाती जमा केली.

“मॅडम,” ते अखेर म्हणाले, “समिती पुढच्या आठवड्यात येते आहे. लेख मागे घेतला तर आपल्याकडे दाखवायला काय उरतं? तुमची जागा गेली की माझीही गेलीच.”

“ठाऊक आहे.”

“समिती जाईपर्यंत थांबलं तर? आपण खोटं काही सांगायचं नाही. नुसतं गप्प राहायचं.”

“मुखपृष्ठ बोलतंय की आपल्या वतीनं,” ताई म्हणाली. “खुर्चीचा पाय मोडका आहे हे आपल्याला कळलंय. मी वर्षभरात उठणार. त्या खुर्चीवर बसायचंय तुम्हाला.”

संध्याकाळी त्यांनी नियतकालिकाला कळवून लेख मागे घेतला.

त्या आठवड्यात ताई रोज मला एकच प्रश्न विचारी, आता दाखवायचे काय. चौथ्या दिवशी मी तिला जवसाविषयी बोलून कंटाळा आणत होतो, तेव्हा उत्तर तिला सापडले. मी सांगत होतो की दोन झाडांना काटे आहेत म्हणून ती भावंडे ठरत नाहीत; काटे कोणालाही उपयोगी, कुठेही उगवतील. पण दोघांच्याही पानावर नेमक्या त्याच जागी तोच निरर्थक ठिपका असेल तर पूर्वज एकच असला पाहिजे.

“म्हणजे शहाणपण सारखं असून उपयोग नाही,” ताई सावकाश म्हणाली. “वेडेपणा सारखा हवा.”

“शहाणपण कोणालाही स्वतंत्रपणे सुचू शकतं. पुरावा म्हणून ते कुचकामी.”

तिने फोन उचलला. पहिला विद्यार्थी आता एका इस्पितळात दुभाषा होता.

“ती पाहुण्याची कविता म्हण पाहू.”

“मॅडम, आत्ता? मी रांगेत उभा आहे.”

“मग रांगेला ऐकू दे.”

त्याने म्हटली. ‘त्’ आला. दुसरी फरशा आयात करणाऱ्या दुकानात होती. तिने गिऱ्हाईक समोर असताना दबक्या आवाजात म्हटली. ‘त्’ आला. तिसरा दूरच्या गावी शाळेत चिनी शिकवीत होता. “मी कशाला, मुलंच म्हणतील,” म्हणून त्याने फोन वर्गाकडे धरला. ताईने कधी न पाहिलेल्या त्या वर्गाने दुसरी ओळ संपवली आणि सगळ्या जिभा एकदम टाळूला लागल्या. एकीने सांगितले, “मॅडम, मी सोडून बरीच वर्षं झाली, आता काही येत नाही.” मग तिने अडखळत म्हटली. शब्द विसरली होती, ‘त्’ विसरली नव्हती. ताई प्रत्येकाचा आवाज नोंदवून घेत होती. मध्येच ती थांबून म्हणाली, “अरे, एवढे सगळे अजून म्हणतात!” हे वाक्य पुराव्यात मोडत नाही, तरी इथे नोंदवतो.

समितीच्या अध्यक्ष परगावच्या होत्या, चिनी साहित्याच्या जाणकार. चष्मा नाकाच्या टोकावर, बोलणे मोजके. सादरीकरण खुले असल्याने मी मागच्या रांगेत बसलो. समोर प्रत्येकाच्या पुढ्यात संचालकांचा जाडजूड अहवाल होता.

ताई उभी राहिली. “सुरुवातीलाच सांगते. या मुखपृष्ठावर जे लिहिलंय ते चूक आहे.”

संचालकांनी पाण्याचा पेला उचलला आणि प्यायला विसरले.

तिने ‘त्’ची सगळी हकिकत सांगितली, सिद्धांत आणि त्याचा शेवटही. मग विद्यार्थ्यांचे आवाज ऐकवले. “मी फार लिहिलेलं नाही,” ती म्हणाली. “या विभागानं काय केलं असं तुम्ही विचाराल. हे माझे विद्यार्थी, ही त्यांच्या वर्गातली मुलं. हा आवाज कशाच्याही उपयोगाचा नाही, म्हणून तो त्यांनी स्वतःहून शोधला असेल असं म्हणता येत नाही. जिथे तो आहे, तिथे आमचा वर्ग पोचलाय.”

“आणि त्याचं कारण?” अध्यक्षांनी विचारले.

“माहीत नाही.”

एक सदस्य पुढे सरसावले. “बाई, सोपं आहे. चार ओळींच्या कवितेत तिसऱ्या ओळीला चिनी काव्यशास्त्रात ‘वळण’ म्हणतात. वळणावर माणूस थांबणारच.”

“मग चार ओळींच्या प्रत्येक कवितेत थांबायला हवं. आम्ही एकाच ठिकाणी थांबतो.”

सदस्य मागे सरकले. अध्यक्षांनी मान हलवली, बोट जिभेला लावले आणि अहवालाचे पान उलटले.

‘त्’.

यात योगायोग काही नव्हता. जाड अहवाल वाचणारी माणसे दिवसभर हेच करतात; प्रश्न एवढाच की कोणी ऐकते का. ताईने ऐकले.

“बाई,” ती म्हणाली, “पुन्हा कराल?”

“काय करू?”

“पान उलटा.”

अध्यक्षांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिले आणि पान उलटले. ‘त्’, श्वासभर शांतता, कागदाची सळसळ.

ताई सहकाऱ्यांकडे वळली. “तो नावाड्याचा लांब पाठ आहे ना तुमच्याकडे, जुन्या गद्यवेच्यांतला? काढा. मी तो मास्तरांकडे पाठ केला होता. कधी शिकवला नाही, पुस्तकात कधी पाहिलाही नाही. मी म्हणते, तुम्ही खुणा करा. मी कुठे थांबते ते माझं मला कळत नाही.”

तिने डोळे मिटले आणि म्हणायला सुरुवात केली. बराच वेळ काही झाले नाही. मग, ताईने मला नंतर सांगितले त्याप्रमाणे, ‘नदीकाठ’ असा एक जोडशब्द आला, त्यातली ‘नदी’ म्हणून झाली आणि ‘त्’. श्वास. मग ‘काठ’. अध्यक्ष खुर्चीत पुढे झुकल्या. पाठ चालू राहिला; नावाडी पलीकडे गेला, परत आला, भाड्यावरून भांडला आणि ऐन भांडणात पुन्हा ‘त्’. तिसऱ्यांदा तो आला तेव्हा एक सदस्य मोठ्याने हसले आणि त्यांनी लगेच माफी मागितली.

पाठ संपला. सहकारी समोरच्या मजकुरावरच्या खुणा पाहत होते, मधली अक्षरे मोजत होते. आपलाच मागे घेतलेला सिद्धांत पुरण्याचे काम त्यांच्याकडे आले होते आणि त्यांनी ते नीट केले.

“मॅडम, दोन ‘त्’मधली अंतरं जवळपास सारखी आहेत,” ते म्हणाले. “अर्थाशी संबंध नाही, विरामाशी नाही. शब्दाच्या पोटातसुद्धा येतो. आणि ज्या अक्षरांपुढे आलाय, त्यांतल्या एकाच्याही शेवटी ‘त्’ कधी नव्हता. प्राचीन काळीही नाही.” मग ते किंचित हसले. “हे मी खात्रीनं सांगू शकतो. तेवढाच माझा विषय आहे.”

“खाण तशी माती,” अध्यक्ष म्हणाल्या. “मास्तरांनी बोट ओलं केलं ते तुम्ही अजून करताय.” मग त्यांनी अहवाल मिटला. “बाई, आपला प्रभाव दूरवर पसरलाय असं सांगणारे विभागप्रमुख मला जागोजागी भेटतात. तपासता येईल असा पुरावा घेऊन कोणी येत नाही. आणि स्वतःचं मुखपृष्ठ फाडून तर नाहीच.”

समितीने विभाग स्वतंत्र ठेवावा आणि ताईच्या निवृत्तीनंतर तिची जागा कायम स्वरूपात भरावी, अशी शिफारस केली. ती मान्य झाली. संचालकांनी मुखपृष्ठ बदलून घेतले. रीतसर मुलाखती झाल्या आणि त्या जागेवर आता ते सहकारी आहेत. अलीकडे पाहुण्याची कविता शिकवताना त्यांच्याही तोंडून ‘त्’ निघू लागला आहे. वाण नाही पण गुण लागला, असे दाजींचे मत.

ताईने शेवटच्या वर्षी नव्या वर्गाला ती कविता ‘त्’ वगळून शिकवण्याचा प्रयत्न केला. तिला जमले नाही. एका मुलीने विचारले, “मॅडम, इथे ‘त्’ का?” ताईने पूर्वी कोणालाही सांगता आले नव्हते ते फळ्यावर लिहिले. नंतर तोच मजकूर तिने आणि सहकाऱ्यांनी एका छोट्या टिपणात छापला. मास्तरांचे पुस्तक अजून सापडलेले नाही. ते सापडले आणि पाने वेगळी निघाली तर हे टिपण चूक ठरेल. असे होऊ शकते, हे टिपणात नमूद केले आहे. तोवर कारण पुढीलप्रमाणे आहे.

मास्तरांच्या पुस्तकात त्या कवितेच्या पहिल्या दोन ओळी एका पानाच्या शेवटी होत्या आणि उरलेल्या दोन पान उलटल्यावर पुढे होत्या. कागद पातळ होता, पाने एकमेकांना चिकटत. दुसरी ओळ वाचून झाली की मास्तर बोट जिभेला लावून पान उलटत.